फिरत्या घराचे पाटे : कॅरॅव्हॅन घेण्याआधी गाडीखाली वाका



मागच्या पालकसभेत प्रगतिपुस्तकांवर सह्या झाल्या, खुर्च्या सरकल्या आणि मग खऱ्या गप्पा सुरू झाल्या. एका पालकांनी विचारलं, "सर, या सुट्टीत कॅरॅव्हॅन घेऊन कोकणात जायचं म्हणतोय. तुमचा अनुभव आहे ना? काय बघून घ्यावी?" लगेच चौघेजण भोवती जमले. पलंग किती, फ्रिज आहे का, संडास आतच असतो का, एसी रात्रभर चालतो का, सगळे प्रश्न आले. गाडीच्या खाली काय आहे, हे कोणीच विचारलं नाही. मीही पहिल्या वेळी विचारलं नव्हतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगतोच.

आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून ही फिरती घरं रस्त्यावर जरा जास्त दिसू लागली आहेत. आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हणजे बहुतेक वेळा ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या गाडीत केलेलं घर. मोटारीमागे ओढायचं चाकांचं घर आपल्याकडे क्वचितच दिसतं. ते युरोप-अमेरिकेत जास्त, त्याबद्दलही थोडं लिहिणार आहे, कारण आपले बरेच माजी विद्यार्थी तिकडे आहेत आणि वाचतात.

शब्द फारसीतला. कारवाँ म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्यांचा काफिला, आपल्या मराठीत तांडा. कल्याणकरांना तो नवा नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरकडे जायचा. त्या घाटात आजही पायऱ्या आहेत, चाकाची गाडी चढण्याचा प्रश्नच नव्हता. माल बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवर. म्हणजे खड्डा आला की तो जनावराच्या गुडघ्यात जिरायचा! निव्वळ हौसेसाठी, सुट्टी घालवण्यासाठी बांधलेलं पहिलं फिरतं घर मानतात ते मात्र १८८५ सालचं, इंग्लंडमधलं. डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या लेखकाने ब्रिस्टलच्या कारखान्यात ते करवून घेतलं, नाव ठेवलं 'वाँडरर'. घोडे ओढायचे. वजन सुमारे दोन टन.

दोन टन आणि आत माणूस झोपणार. तेव्हापासून प्रश्न तोच आहे. एवढं वजन खड्ड्यावरून नेताना धक्का कुठे जिरवायचा?

आता आमची गोष्ट.

दिवाळीची सुट्टी होती. आम्ही दोन कुटुंबं, मोठी चार आणि मुलं तीन, भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन माळशेज चढून जुन्नर-ओझरकडे निघालो. गाडी कोणाची, ते सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. सकाळी कल्याणहून शहाड, म्हारळ, रायते असं करत मुरबाडच्या रस्त्याला लागलो. रायत्याचा पूल ओलांडल्यावर मागून कट्-कट् असा आवाज येऊ लागला. चालक म्हणाला, "भांडी वाजतायत." भांडी खरंच वाजत होती, त्यामुळे पटलं. मुरबाड सोडल्यावर मागच्या पलंगावरून मुलगी म्हणाली, "बाबा, माझा चेंडू सारखा त्याच कोपऱ्यात जातोय." आम्ही हसलो. मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि मी हसलो, हे लक्षात ठेवा.

टोकावड्याच्या पुढे चहाला थांबलो. शेजारी एक टेम्पोवाला उभा होता. त्याने आमच्या गाडीकडे लांबूनच पाहिलं, जवळ येऊन मागच्या डाव्या चाकाशी वाकला आणि म्हणाला, "मास्तर, मेन पाटा गेलाय. घाट चढू नका."

मीही वाकलो. डाव्या बाजूच्या पाट्यांमधला सगळ्यात वरचा, लांब पाटा पुढच्या डोळ्याजवळ तुटला होता. चेंडू एकाच कोपऱ्यात जात होता कारण गाडी त्या बाजूला बसली होती.

आता हे का गंभीर, ते समजून घ्या. पाटा फक्त धक्के झेलतो असं आपल्याला वाटतं. पण मागे पाटे असलेल्या गाडीत मागचा ॲक्सल जागेवर धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. मेन पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवलेला डोळा असतो. पुढचा डोळा चेसीला पक्का, मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला. कारण वजन आलं की कमानदार पाटा सपाट होतो आणि सपाट झाला की लांबतो, त्या लांबण्याला जागा हवी. म्हणजे ॲक्सल पुढे-मागे कुठे राहायचा, हे पुढचा डोळा ठरवतो. तो तुटला की एका बाजूचं चाक मागे सरकायला मोकळं. ब्रेक दाबल्यावर किंवा घाटाच्या वळणावर ते सरकलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही फार करत नाही. चांगल्या बनावटीत यासाठी दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती अर्धवट गुंडाळलेलं असतं. एक तुटला तर दुसरा धरून ठेवतो. आमच्या गाडीत ते होतं, म्हणून आम्ही टोकावड्यापर्यंत तरी पोचलो.

गाडी तिथेच सोडली. मुलं रडली. एसटीने परत आलो. नंतर मालकाने गाडी भिवंडी रस्त्यावरच्या एका पाटेवाल्याकडे नेली आणि मी मुद्दाम बघायला गेलो. त्या उस्तादांनी तुटलेलं टोक माझ्या हातात दिलं. "हे बघा सर, हा भाग काळा-तांबूस, आणि हा चकचकीत. काळा भाग कधीचा तुटलाय. चकचकीत तेवढाच परवा तुटला." म्हणजे भेग जुनी होती. रोजच्या हजारो दणक्यांनी ती थोडी थोडी वाढत गेली आणि उरलेला पोलादाचा भाग एक दिवस एकदम गेला. याला धातूचा थकवा म्हणतात. अकरावीला 'स्थायूंचे यांत्रिक गुणधर्म' शिकवताना मी आता तो तुकडाच वर्गात फिरवतो.

भेग का पडली याचं उत्तरही तिथेच मिळालं. मागच्या बाजूला मालकाने दीडशे लिटरची पाण्याची टाकी, जादा बॅटरी आणि छोटा जनरेटर बसवला होता. गाडी बसायला लागली म्हणून एक पाटा वाढवून घेतला होता. आणि पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट त्यानंतर कोणी पुन्हा आवळले नव्हते.

यातली प्रत्येक गोष्ट आपण वर्गात पट्टीने दाखवू शकतो. शिक्षकांनी करून बघाच, पालकांनी घरी.

तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या. टेबलाच्या कडेवर दहा सेंटिमीटर बाहेर ठेवून आतला भाग घट्ट दाबा. टोकाला दोऱ्याने एक छोटं वजन टांगा, किती झुकली ते मोजा. वजन दुप्पट करा, झुकणं दुप्पट. हा रॉबर्ट हूकचा नियम, १६७८ मध्ये त्याने तो उघडपणे मांडला. इथपर्यंत मुलांना माहीत असतं, ताणकाटा त्यावरच चालतो. आता तेच वजन ठेवून पट्टी वीस सेंटिमीटर बाहेर काढा. मुलांना विचारा, किती झुकेल? सगळे म्हणतात दुप्पट. झुकते आठपट! लांबीच्या घनाच्या प्रमाणात. जाडीचंही तसंच, उलट दिशेने. जाडी दहा टक्के वाढवली की ताठपणा तेहतीस टक्के वाढतो. म्हणून गॅरेजमध्ये "जरासा जाड पाटा टाकू" असं कोणी म्हटलं, तर तो जरासा नसतो हे लक्षात ठेवा.

पुढचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. दोन सारख्या पातळ लाकडी पट्ट्या एकावर एक नुसत्या ठेवा. त्या एका पट्टीच्या निम्म्या झुकतात. आता तशाच दुसऱ्या दोन पट्ट्या फेविकॉलने चिकटवून रात्रभर वाळवा. त्या एका पट्टीच्या आठव्या हिश्श्याइतक्याच झुकायला हव्यात. वर्गात नेमकं आठ येत नाही, सहा-सात आलं तरी खूश व्हा. फरक का पडला? मोकळ्या पट्ट्या वाकताना एकमेकींवरून किंचित घसरतात. चिकटवलेल्या घसरू शकत नाहीत, त्या एकाच जाड पट्टीसारख्या वागतात.

पाटे एकावर एक रचण्यामागे हीच युक्ती आहे. एकच जाड पोलादी तुकडा टाकला असता तर वजन पेललं असतं, पण तो वाकला नसता. पातळ पाट्यांची चळत वजनही पेलते आणि वाकतेही. शिवाय घसरताना जे घर्षण होतं, ते उसळी थोडी मारतं. १८०४ मध्ये ओबादिया एलियट या इंग्रज कारागिराने अशा पाट्यांचं पेटंट घेतलं आणि घोडागाड्या हलक्या झाल्या. आपल्या कल्याण स्टेशनाबाहेर उभे राहायचे त्या टांग्यांनाही पाटे असायचे. ज्यांनी टांगा आणि बैलगाडी दोन्हींतून प्रवास केला आहे त्यांना फरक सांगावा लागणार नाही, कमरेला आठवत असेल.

आता आपला पावसाळा आठवा. चार महिने चिखल, पाणी, मग पाट्यांच्या मधल्या फटींत गंज. गंजून एकमेकांना धरलेले पाटे म्हणजे फेविकॉल लावलेल्या पट्ट्या. पूर्ण आठपट नाही, पण त्या दिशेने. गाडी दणके द्यायला लागते, लोक म्हणतात शॉकअप गेले, शॉकअप बदलतात आणि दणके तसेच राहतात. गंजाच्या खड्ड्यातूनच पुढे भेग सुरू होते, हे वेगळं.

म्हणजे निवड कशी करायची? सुरुवात पाट्यांपासून करू नका, वजनापासून करा. गाडीच्या आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि जास्तीत जास्त भरलेलं वजन लिहिलेलं असतं. या दोन आकड्यांमधला फरक हा तुमच्या संसाराचा कोटा. पण कॅरॅव्हॅनमध्ये लाकडी कपाटं, पलंग, ओटा, फ्रिज हे सगळं नंतर बसवलेलं असतं आणि त्यातच बराच कोटा संपलेला असतो. वर सात माणसं. वर पाणी, आणि पाण्याचा हिशेब तर पाचवीतला मुलगाही करतो, एक लिटर म्हणजे एक किलो.

वजन किती, याबरोबर ते कुठे आहे हेही बघा. तरफ आठवा. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि दीडशे किलोची टाकी मागच्या ॲक्सलच्याही एक मीटर मागे बसवली आहे. मागच्या ॲक्सलवर किती वजन वाढलं? दीडशे नाही, दोनशे! आणि पुढच्या चाकांवरचं पन्नास किलो कमी झालं. मागचे पाटे जास्त दबले आणि पुढची चाकं हलकी झाली, म्हणजे स्टिअरिंग हलकं, ओल्या रस्त्यावर पकड कमी. तीच टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये, जमिनीजवळ बसवली असती तर यातलं काहीच झालं नसतं. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना द्या, पुस्तकातल्या सी-सॉपेक्षा त्यांना जास्त भावतं.

त्यामुळे माझा आग्रह एकच. गाडी पाण्यासकट, सामानासकट भरा आणि वजनकाट्यावर न्या. कल्याण-भिवंडी पट्ट्यात ट्रकांसाठी काटे भरपूर आहेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पावत्या जपून ठेवा. प्रत्येक ॲक्सलची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते, तिच्याशी ताडून बघा. जास्त भरत असेल तर उपाय पाटा वाढवणं हा नाही, सामान उतरवणं हा आहे. पाटा वाढवला तर गाडी बसलेली दिसत नाही एवढंच. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर यांची क्षमता तीच राहते. बसलेली गाडी निदान सांगत तरी होती, ती आता गप्प झाली. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ बनावटीत मनाने बदल करता येत नाहीत. अपघात झाला की विमा कंपनीसुद्धा नेमकं हेच विचारते.

प्रकारांबद्दल थोडक्यात. जुन्या पद्धतीचे बरेच पाटे असलेले गठ्ठे स्वस्त, दणकट आणि टोकावड्यालाही दुरुस्त होतील असे. पॅराबोलिक पाट्यांत संख्या कमी, प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळता, आणि पाटे एकमेकांना मध्ये व टोकालाच टेकतात. चाल मऊ, वजन कमी, गंजून चिकटायची भीतीही कमी. पण घर्षण कमी म्हणून शॉकअप चांगल्या स्थितीत असावेच लागतात. टाटा विंगरला पुढे स्वतंत्र कॉइल स्प्रिंग आणि मागे पॅराबोलिक पाटे येतात, मुलांना दोन्ही एकाच गाडीत दाखवता येतात. हवेचे फुगे, म्हणजे एअर स्प्रिंग, हे मोठ्या आरामबसमध्ये मूळचेच असतात. काही जण ते पाट्यांच्या मदतीला नंतर बसवतात. हवा कमी-जास्त करून उंची सारखी ठेवता येते ही सोय खरी, पण रबर आणि नळ्या आल्या, गळती आली, आणि वजनाची मर्यादा वाढत नाही ती नाहीच.

कुटुंबासाठी भाड्याने घेत असाल तर यातला कुठला प्रकार आहे याची फार चिंता नको. आहे तो नीट ठेवला आहे का, हे बघा. स्वतः गाडी बांधून घेत असाल तर मी चांगले पॅराबोलिक पाटे आणि मूळ कंपनीचे शॉकअप यांच्या बाजूने आहे. एक कारण असं की मालाच्या गाडीला रिकामं आणि भरलेलं अशा दोन्ही अवस्थांत चालावं लागतं, त्यामुळे तिचे पाटे ताठ ठेवतात आणि ती रिकामी असली की उड्या मारते. कॅरॅव्हॅनचं तसं नाही. तिचं बिऱ्हाड कधी उतरत नाही. वजन जवळपास कायम एकच, म्हणून त्याच वजनाला साजेसे पाटे निवडता येतात. जास्त ताठ घेतले तर पैसे देऊन दणके विकत घेतल्यासारखं आहे.

मऊ म्हणजे किती मऊ, याचंही एक सुंदर गणित आहे, बारावीच्या 'दोलने' प्रकरणात बसतं. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबली आहे एवढंच माहीत असलं की ती सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ते निघतं. दहा सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला सुमारे १.६ वेळा. चार सेंटिमीटर दबली असेल, म्हणजे ताठ, तर २.५ वेळा. पंचवीस सेंटिमीटर दबली तर एकदा. आपण चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, त्यामुळे एक ते दीडच्या आसपासचं डोलणं शरीराला ओळखीचं वाटतं. चार ते आठच्या मधली थरथर आपल्याला सगळ्यात जास्त त्रास देते, पोट आणि पाठ तिथेच बोलतात.

आता शीळ रस्त्यासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर या. काँक्रीटचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. १.६ गुणिले ४.५ म्हणजे सेकंदाला ७.२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर. या वेगाला प्रत्येक सांध्याचा धक्का गाडीच्या स्वतःच्या डोलण्याशी ताल धरून येतो. अनुस्पंदन! झोक्याला योग्य वेळी ढकलल्यासारखं. म्हणून काही गाड्या सावकाश चालवताना जास्त डोलतात आणि वेग जरा बदलला की शांत होतात. विद्यार्थ्यांना बसमध्ये हे अनुभवायला सांगा, हातात घड्याळ देऊन.

मुलांच्या उलट्यांबद्दल पालक नेहमी विचारतात. "गाडी मऊ असती तर त्रास झाला नसता ना?" उलट असतं. उलटीला कारण होणारं हलणं फार संथ असतं, पाच-एक सेकंदाला एक हेलकावा. घाटातली वळणं आणि उंच गाडीचं बाजूला कलणं, यातून ते येतं. कॅरॅव्हॅन उंच, तिच्या टपावर एसी आणि सामान, त्यात स्प्रिंग फार मऊ असेल तर ती वळणावर जास्त कलते. टपावरचं वजन खाली आणा, मुलांना पुढे बसवा, खिडकीबाहेर लांब बघायला लावा. मागच्या पलंगावर आडवं होऊन मोबाइल बघणारं मूल सगळ्यात आधी ओकणार. (पलंगावर झोपून प्रवास करू देऊच नका, पट्टा नसतो तिथे. हे आम्हाला उशिरा कळलं.)

शॉकअपचं काम वजन पेलणं नाही. स्प्रिंगने साठवलेली उसळी तो तेलाच्या बारीक छिद्रांतून ढकलून उष्णतेत बदलतो. म्हणून तपासण्याची एक साधी रीत आहे. खराब रस्त्यावरून अर्धा तास चालवून थांबलात की चारही शॉकअपच्या नळीला जपून हात लावून बघा, आधी दुरून धग बघा. तीन कोमट आणि एक थंड असेल तर थंड असलेला काम करत नाही. नळीवर तेलाचा ओला ओघळ असेल तर तो गेलाच. टायर गोल फिरवत हात लावल्यावर जागोजागी खळगे लागत असतील तरीही संशय शॉकअपवर घ्या. बदलताना डावा-उजवा जोडीने बदला.

आता देखभाल. यातलं बहुतेक काम डोळ्यांनी आणि टेपने होतं, पाना लागतच नाही.

गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजा आणि वहीत लिहा. टाकी भरलेली की रिकामी, तेही लिहा. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. डाव्या-उजव्यात एक सेंटिमीटरहून जास्त फरक पडायला लागला की मी गाडी दाखवतो. हा माझा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. पण मुलीच्या चेंडूने जे सांगितलं ते हा टेप आधी सांगेल.

मग टॉर्च घेऊन वाका. पाट्यांच्या कडांवर आडवी रेघ दिसते का, विशेषतः डोळ्याजवळ आणि मधल्या पकडीजवळ. पाटे आडवे सरकून एकमेकांबाहेर आले आहेत का. यू-बोल्टच्या नटाजवळ ताजा तांबूस भुगा दिसतो का, तो दिसला तर तिथे काहीतरी हलतंय. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा भार पाट्यांच्या मधून जाणाऱ्या बारीकशा सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून येणाऱ्या मित्राला विचारा, गाडी सरळ दिसते का म्हणून. नवे पाटे किंवा यू-बोल्ट टाकल्यावर काही दिवस चालवून ते ठरलेल्या ताकदीने पुन्हा आवळून घ्यावेच लागतात, कारण नवे पाटे बसतात आणि पकड सैल होते. आमच्या गाडीत नेमकं हेच राहिलं होतं.

पावसाळ्याआधी आणि नंतर पाटे पाण्याच्या जोराने धुऊन सुकवा. शॅकलच्या पिनांना ग्रीसची निपल असेल तर ग्रीस भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. पण जिथे रबरी बुश आहे तिथे साधं ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर फुगतं आणि सडतं. पाट्यांवर डिझेल मारायची जुनी सवय अनेकांना आहे. आवाज दोन दिवस थांबतो, मग धूळ चिकटून कानस तयार होते.

दोन गोष्टींना ठाम नाही म्हणा. तुटलेला पाटा वेल्डिंग करून घेणं ही पहिली. पाट्याचं पोलाद तापवून, विझवून, पुन्हा हलकं तापवून तयार केलेलं असतं, त्यातच त्याचा लवचीकपणा आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने तो जातो आणि पाटा जोडाच्या शेजारीच तुटतो. दुसरी, बसलेल्या पाट्यांना नुसतं ठोकून पुन्हा कमान देणं. काही महिने छान दिसतं. आमच्या उस्तादांनी स्वतःच सांगितलं, "सर, ठोकून देतो मी, धंदा आहे. पण पोरं घेऊन घाटात जायचं असेल तर नवीन टाका."

परदेशातल्या वाचकांसाठी. युरोपातल्या ओढायच्या कॅरॅव्हॅनमध्ये बहुतेक वेळा पाटे नसतात. ॲक्सलच्या नळीतच रबराच्या कांड्या दाबून बसवलेल्या असतात आणि चाकाचा हात फिरला की त्या पिळल्या-दाबल्या जातात. ग्रीस नको, आवाज नाही. पण ते रबर म्हातारं झालं की गाडी खाली बसते आणि मग बहुधा पूर्ण ॲक्सलच बदलावा लागतो. जुनी कॅरॅव्हॅन विकत घेताना चाक आणि कमान यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. युरोपातल्या कॅरॅव्हॅनमध्ये पुढच्या दांड्यावर येणारं वजन एकूण वजनाच्या साधारण पाच ते सात टक्के असू द्या, जड सामान ॲक्सलच्या वर ठेवा. मागे वजन गेलं की वेगात शेपूट हलायला लागते, आणि ते कुठल्याही स्प्रिंगने थांबत नाही. कोपऱ्यांतले चार पाय गाडी स्थिर ठेवण्यासाठी आहेत, उचलण्यासाठी नाहीत, त्यांच्यावर गाडी उचलून चाक बदलू नका.

भाड्याने घेताना काय विचारायचं, असं त्या पालकांनी शेवटी विचारलं होतं. मी त्यांना तीन प्रश्न लिहून दिले. भरलेल्या गाडीची काट्याची पावती आहे का? पाणी कुठे भरता आणि किती? पाटे कधी बदलले आणि त्यानंतर यू-बोल्ट पुन्हा कधी आवळले? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस गोंधळला तरी चालेल, पण चिडला तर दुसरी गाडी बघा. त्यांनी दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी पावती मिळाली नाही, पण मालक म्हणाला, "चला, आत्ता करून बघू," आणि गाडी काट्यावर नेली. मागचा ॲक्सल मर्यादेपेक्षा नव्वद किलो जास्त भरला. टाकी अर्धी केली, जनरेटर उतरवला, पुन्हा काटा केला. त्या गाडीने ते गुहागरला जाऊन आले.

वर्गासाठी पट्टीचा प्रयोग करणार असाल तर एक सूचना. पट्टी दाबून धरायला दोन मुलं लागतात, एकाच्या हाताने ती टेबलावर किंचित उचलली जाते आणि आठपट ऐवजी दहा-अकरापट येतं. आमच्याकडे पहिल्या तासाला तसंच झालं होतं, सी-क्लॅम्प लावल्यावर आकडे जुळले.